कोरड्या वाळूचा मुक्काम

आत्याच्या घरी आम्ही पहिल्यांदा पोचलो तेव्हा दार उघडायच्या आधी आतून कूलरचा आवाज आला, आणि पप्पा हातातली बॅग तशीच धरून पायरीवर उभे राहिले. घर्रर्र करत वारा फेकणारा, मधूनच पाणी टपटपवणारा, ओल्या गवताचा वास सोडणारा कूलर. क्युपर्टिनोत आमच्याकडे असं काही नव्हतं; तिथे बटण दाबलं की भिंतीतून मुकाट्याने गार हवा यायची. पण युटाच्या दक्षिण टोकाच्या त्या कोरड्या गावात सगळ्यांच्या छपरांवर पत्र्याचे कूलर होते. "ताई, हा तर आपल्या कामठीचा आवाज आहे," पप्पा दारातूनच म्हणाले. आतून आत्या ओरडली, "मग भायेर काऊन उभा आहेस बाप्पा? आत ये ना!" आम्ही आत गेलो, पण बसायला खुर्ची नव्हती. एका खुर्चीवर दोरांची वेटोळी, दुसरीवर लाइफ जॅकेटं, सोफ्यावर सबंध लांबीची दोन वल्ही झोपलेली. कोपऱ्यात बाबासाहेबांचा फोटो आणि बुद्धाची छोटी मूर्ती तेवढी मोकळ्या, पुसलेल्या जागेत होती. बाकी घर म्हणजे नदीचं सामान ठेवायची खोली, आणि त्यात मधूनमधून राहणारी माझी आत्या.

विशाखा आत्या पप्पांची मोठी बहीण. तिने माती आणि वाळूचा अभ्यास केला होता, लग्न केलं नव्हतं, आणि आमच्या नातेवाइकांत तिचा विषय निघाला की सगळे जरा अभिमानाने आणि जरा खालच्या आवाजात बोलायचे. त्या वर्षी मे महिन्यात तिचा फोन आला. "जयभीम वहिनी," तिने मम्मीला म्हटलं, "पोरीला, मित्राला, सुट्टीत माझ्याकडे पाठव. सान हुआन नदीवर काम आहे. राफ्टमधून खाली जायचं आणि मुक्कामाच्या जागा शोधायच्या." मम्मीला वाटलं तिने नीट ऐकलं नाही. "कशाच्या जागा?" "तंबू लावायच्या, वहिनी. दरीत आधी चिक्कार होत्या, आता झुडपं आणि गाळ त्या खाऊन टाकतायत. लोक संध्याकाळी नदीतून येतात आणि उतरायला जागाच नसते, मग भांडतात. कुठे किती माणसं राहू शकतील ते बघून नकाशावर टाकायचं." मम्मीने फोन ठेवला आणि पप्पांना म्हणाली, "झोपायची जागा शोधायची नोकरी! तुमच्या बहिणीलाच मिळू शकते असली."

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. नागपूरला चौथीपर्यंत शिकून अमेरिकेत आले होते, त्यामुळे मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत द्यायची सवय लागली होती. माझी सुट्टी आधीच ठरलेली होती: घराजवळच्या हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर, कारण पुढे डॉक्टर व्हायचं. तसं मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण आत्याचा फोन आला आणि मी जेवणाच्या टेबलावर "आय वॉन्ट टु गो" असं इतक्या जोरात म्हणाले की मम्मीच्या हातातला डाव वरणात पडला. मम्मीचं म्हणणं सरळ होतं. पोरगी डोंगरात, पाण्यात, परक्या माणसांसोबत एकटी जाणार नाही. तेव्हा पप्पांनी ऑफिसातून रजा घेतली. ज्यांना पोहता येत नाही, ज्यांनी अमेरिकेत एकही रात्र तंबूत काढली नाही, असे माझे सॉफ्टवेअरवाले पप्पा पोरीची राखण करायला नदीवर निघाले. पॅकिंग करताना त्यांनी इस्त्रीचे शर्ट घेतले. मम्मीने काढून ठेवले. त्यांनी परत घेतले.

निघायच्या आधीचे ते दोन दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात, कारण एखाद्या घरात इतकी लगबग मी त्याआधी कधी बघितलीच नव्हती. आत्याच्या स्वयंपाकघरात खलबत्त्यात लसूण आणि तिखट कुटलं जात होतं. जवसाची चटणी, ज्वारीचं पीठ, बेसन, तांदूळ, कांदे, सगळं लोखंडी डब्यांत भरलं जात होतं. हे डबे लष्करातले, बंदुकीच्या गोळ्या ठेवायचे. रबराच्या झाकणामुळे त्यात पाणी शिरत नाही, म्हणून नदीवरची माणसं ते विकत घेतात. एका डब्यावर आत्याने मराठीत 'तर्री मसाला' लिहिलं होतं. बाहेर अंगणात वेस राफ्टमध्ये हवा भरत होता. वेस म्हणजे आत्याचा जुना सोबती, नावाडी. उंच, लालबुंद, पन्नाशीचा माणूस. तो सतत गायचा आणि एकही सूर लागायचा नाही. पप्पांनी त्याच्याशी हात मिळवताना त्याला वरपासून खालपर्यंत असं बघितलं, जसं मुलगी द्यायला आलेला माणूस बघतो. वेसने त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघून अगदी मनापासून म्हटलं, "नाइस शर्ट, सर."

तिथेच पहिलं भांडण झालं. सामानात एक चौकोनी, जड, झाकण घट्ट बसणारा डबा होता, आणि पप्पांनी विचारलं हा कशाचा. आत्याने सांगितलं: संडासाचा. दरीत कुणी काही मागे ठेवून यायचं नाही असा नियम आहे, सगळं सोबत घेऊन परत यायचं. पप्पांचा चेहरा उतरला. ते इंग्रजी सोडून एकदम घरच्या बोलीत आले. "ताई, आपल्या आज्यानं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, त्याच्यासाठी गावाचा मार खाल्ला. अन् तू इथं अमेरिकेत येऊन हे उचलतेस? माझ्या पोरीले उचलायला लावशील?" अंगणात वेसचं गाणं थांबलं, शब्द कळले नाहीत तरी सूर त्याला कळला असावा. आत्याने हातातला दोर खाली ठेवला. "प्रदीप," ती म्हणाली, "तिथं एकाच्या माथी मारलं होतं. इथं सगळे उचलतात. मागच्या वर्षी एक जज्ज आला होता, त्याची पाळी होती, त्यानं उचलला. वेस उचलतो, मी उचलते. तुझी पाळी आली की तूही उचलशील. आज्याला हे दिसलं असतं ना, तर हसला असता तो."  नदीवर तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची पाळी आली, तेव्हा त्यांनी तो डबा कुणाची मदत न घेता वाळूवरून बोटीपर्यंत नेला, आणि परत येऊन साबणाने बराच वेळ हात धुतले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आज वाटतं, ते मनातल्या मनात हिशेब जुळवत होते, आणि तो जुळत होता.

नदीचं पाणी चहाच्या रंगाचं होतं. वर कुठेतरी डोंगरांत बर्फ वितळत होता आणि ते पाणी वाळवंटातून येताना निम्मं वाळवंटच सोबत घेऊन येत होतं. हात बुडवला तर बोटं दिसायची नाहीत, आणि वल्हं पाण्याबाहेर काढलं की त्याच्यावर बारीक रेतीचा थर. आत्या म्हणायची, कान लाव. मी राफ्टच्या रबरी तळाला कान लावला, तर खालून सर्रर्र असा आवाज, जणू कुणी चाळणीतून रवा चाळतंय. वाळू वाहायचा आवाज. मी किंचाळलेच. दोन्ही बाजूंना लाल, करडे, जांभळट कडे सरळ वर चढत गेलेले, आणि आभाळ म्हणजे मधली एक निळी पट्टी. आमच्या दोन राफ्ट होत्या. पुढे आत्या आणि मी, मागे वेस, सामान आणि छत्री उघडून बसलेले पप्पा. हो, छत्री. मम्मीने दिली होती. दुसऱ्या मोठ्या लाटेत ती उलटी झाली तरी पप्पांनी ती सोडली नाही.

जागा कशी बघायची हे आत्या बोलत बोलत शिकवायची. कधी मला वाटायचं ती मला शिकवतच नाहीये, नुसती नदीशी गप्पा मारतेय. "ते बघ, कड्याच्या फटीत लाकूड अडकलंय. इतक्या वर कसं गेलं? पुराने नेलं. म्हणजे त्याच्या खाली झोपायचं नाही." एखाद्या बाजूच्या नाल्याच्या तोंडाशी मऊ, सपाट, सुंदर वाळू दिसायची आणि मी म्हणायचे, "धिस वन!" ती मान हलवायची. "वर कुठे पाऊस पडला तर हा नाला तुला उठवायलाही थांबणार नाही." मुंग्यांची वारुळं बघायची. दुपारी सावली कुठल्या कड्याची कुठे पडते ते बघायचं. डावा काठ नवाहो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा. त्यांची परवानगी घेतल्याशिवाय तिथे तंबू ठोकायचा नाही, वाळू कितीही चांगली असो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे टॅमरिस्कची झुडपं. बाहेरून आलेली, गुलाबी तुऱ्यांची, दिसायला नाजूक आणि काठच्या काठ गिळून टाकणारी. जुन्या नकाशावर जिथे मोठा मुक्काम दाखवला होता तिथे आम्ही उतरायचो, आणि उभं राहायलाही जागा नसायची. आत्या नकाशावर फुली मारायची. फुली मारताना ती दरवेळी "च्" करायची, एखादं ओळखीचं घर पडलेलं दिसावं तशी.

पण जिथे जागा मिळायची तिथे काय मजा यायची! पप्पा टेपचं एक टोक धरायचे, मी दुसरं, आणि आम्ही वाळू मोजायचो. मी आडवी पडून बघायचे, कुठे उतार आहे, कुठे दगड टोचतो. अशी नोकरी जगात असते यावर माझा विश्वासच बसत नव्हता. दुपारी शिजवायचा कंटाळा, पण संध्याकाळी आत्या जाड लोखंडी भांड्यात गोळाभात करायची. भातात बेसनाचे तिखट गोळे, वरून लाल मिरचीची कडकडीत फोडणी, आणि ती फोडणी ओतताना होणारा चर्रर्र आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत यायचा. वेस गोळाभात खाताना रडायचा, नाक पुसायचा आणि पुन्हा ताट पुढे करायचा. एका संध्याकाळी पप्पा आणि आत्या कामठीच्या कन्हान नदीबद्दल बोलत बसले. उन्हाळ्यात पाणी आटलं की वाळूत डांगरवाड्या लागायच्या, टरबुजं पिकायची, आणि ही दोघं भावंडं राखणदाराची नजर चुकवून वाळूत पोटावर सरपटत जायची. "ताईच पुढे असायची," पप्पा म्हणाले. "मी मागे." त्या संध्याकाळी मी पप्पांना इतकं हसताना पहिल्यांदा बघितलं. त्यांचा इस्त्रीचा शर्ट तोवर नदीच्याच रंगाचा झाला होता.

वल्हवणं मी त्याच दिवसांत शिकले. सान हुआनवर एक अजब प्रकार आहे. सपाट, संथ पाणी चाललेलं असतं आणि अचानक, समोर दगड नाही, उतार नाही, काही नाही, तरी पाणी उभं राहतं. एकामागोमाग एक लाटांची रांग, घोडा खिंकाळावा तसा आवाज, बोट वर-खाली, आणि क्षणात सगळं पुन्हा सपाट. तळाची वाळू ढिगाऱ्यांत रचली जाते आणि मोडते, त्याच्या या लाटा. पहिल्यांदा त्यांत सापडलो तेव्हा मी वल्ही सोडून बाजूचा दोर धरला. आत्या गरजली, "वल्ही सोडायची नाहीत! बोटीचं नाक सरळ ठेव!" दुसऱ्यांदा मी सोडली नाहीत. तिसऱ्यांदा मी लाटा शोधायला लागले.

खालच्या दरीत नदी बदलते. पुढे धरणाचं पाणी मागे तुंबलेलं, त्यामुळे प्रवाह मंदावतो आणि वाहून आणलेला सगळा गाळ तिथे टाकतो. काठ दिसतो वाळूचा, पण असतो चिखलाचा. त्या दिवशी दुपारी आम्ही नकाशावरच्या एका मोठ्या मुक्कामाशी आलो. वरून उन्हात वाळलेलं, तडे गेलेलं मैदान दिसत होतं. वेसने राफ्ट लावली आणि दोर बांधायला जागा शोधत होता, तेवढ्यात पप्पा, मदत करायची म्हणून, उतरले. दोन पावलं गेले आणि कंबरेपर्यंत आत. ओरडले नाहीत. नुसतं "ताई" म्हणाले, अगदी हळू. मला हसू आलं, पण आत्याचा चेहरा बघितला आणि मी दोर उचलला.

त्यांना बाहेर काढायला फार वेळ लागला. ओढावं तेवढा चिखल घट्ट व्हायचा. वेस वल्ह्यांवर आडवा पडून हातांनी त्यांच्या पायांभोवतीचा गाळ उपसत होता, आत्या आणि मी काखेत दोर घालून थोडं थोडं खेचत होतो. डोक्यावर ऊन असं की राफ्टचं रबर हाताला चटके देत होतं. पप्पांची टोपी कुठे गेली कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी ते निघाले, बूट आतच राहिले, आणि राफ्टवर पडल्या पडल्या त्यांना उलटी झाली. मग आणखी एक. चेहरा राखेसारखा, अंग ओलं आणि गार. ते मला म्हणाले, "काही नाही ग," आणि डोळे मिटून घेतले. "ऊन लागलंय," आत्या म्हणाली. "याला सावली पाहिजे, आणि आडवं व्हायला कोरडी जमीन. लवकर." तिने चादर नदीत बुडवून त्यांच्या अंगावर टाकली. मग पप्पांचं डोकं तिच्या मांडीवर, वेसच्या राफ्टमध्ये. आणि तिने माझ्याकडे बघितलं.

"मित्रा, ती बोट तुझी. तू पुढे राहा. जागा दिसली की हात वर कर."

"मी एकटी?" मराठीत निघालं तोंडातून.

"वेस दोन बोटी चालवू शकत नाही, मी याला सोडू शकत नाही. तुला येतं. जा."

मी त्या बोटीत एकटी चढले, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही.  पण त्या भीतीच्या खाली काहीतरी दुसरं होतं, उकळी फुटावी तसं. दोन्ही वल्ही माझ्या हातात, समोर सबंध नदी, आणि मागे माझी सगळी माणसं माझ्याकडे बघतायत. पुढचा मुक्काम नकाशावर होता, तिथे टॅमरिस्कची भिंत. त्याच्या पुढच्यावर दुसऱ्या कुणाचा मोठा कंपू उतरलेला, पंधरा-वीस माणसं, पण त्यांच्या तंबूंना आणि माणसांना ऊनच ऊन. सावलीचा मागमूस नाही. आत्याने मागून हातानेच खूण केली, पुढे. समोरून वारा सुटला. वारा सुटला की राफ्ट पतंगासारखी होते, प्रवाह खाली ओढतो आणि वारा वर. मी ओढत होते, पाय रोवून, पाठ वाकवून, तळहाताला फोड आलेले कळतही नव्हते. आणि तेवढ्यात पाणी उभं राहिलं. वाळूच्या लाटा, आतापर्यंतच्या सगळ्यात मोठ्या. मी नाक सरळ केलं. बोट चढली, कोसळली, चहाच्या रंगाचं पाणी माझ्या तोंडावर आपटलं, पुन्हा चढली. मी ओरडत होते; काय ते आठवत नाही, पण वेसने नंतर सांगितलं की मराठीत होतं. लाटा संपल्या तेव्हा मी अजून बोटीतच होते आणि बोट सरळ होती.

त्यानंतर नदी एक लांब वळण घेते. उजवीकडे उंच कडा, त्याच्या पायथ्याशी गाळाची पट्टी, तशीच तडे गेलेली. मी ती बघत चालले होते, पुन्हा तेच, पुन्हा तेच. मग मला बदकं दिसली. राजहंसापेक्षा जरा लहान, करडी, काळ्या मानेची. इकडे त्यांना गीझ म्हणतात. दोन मोठी आणि त्यांच्यामागे पिवळट पिल्लांची रांग. घरासारखा एक मोठा खडक पाण्यात पडलेला होता, त्याच्या मागे ती गेली, काठावर चढली, तुरुतुरु चालत गेली, आणि दिसेनाशी झाली. मी बघत राहिले. पिल्लं चालत गेली. रुतली नाहीत. आणि दिसेनाशी झाली, म्हणजे खडकाच्या मागे काठ आत वळतो. तिथे काहीतरी आहे. वर कड्याची सावली पुढे सरकलेली होती आणि नेमकी तिथेच पडत होती.

विचार करायला वेळ नव्हता. खडकाच्या मागचं पाणी थांबलेलं असतं, पण ते गाठायचं तर खडक ओलांडला त्याच क्षणी आत शिरावं लागतं. जरा उशीर झाला की प्रवाह पुढे नेतो, आणि उलटं वर येता येत नाही. मी आत गेले की वेसही आत येणार. जागा खोटी निघाली तर पप्पांना घेऊन सगळेच चिखलात अडकणार. मी हात वर केला. मग दोन्ही वल्ही धरून, जन्मात ओढलं नव्हतं तसं ओढलं. बोटीचं शेपूट खडकाला घासलं, बोट गर्रकन फिरली, आणि एकदम शांत. वारा नाही, आवाज नाही. बोटीचं नाक कशाला तरी टेकलं. मी दोर घेऊन पाय खाली टाकला, डोळे मिटून. पाय वाळूवर टेकला. घट्ट, कोरड्या, गार वाळूवर.

वर चढले तर काय! पुराच्या लाकडांच्या रेषेपेक्षाही उंचावर एक सपाट ओटा, आठ-दहा तंबू मावतील एवढा, मागे कड्याची कमान, आणि एक हॅकबेरीचं जुनं झाड, त्याच्या खाली दाट सावली. बदकं दुसऱ्या टोकाला रागाने मान उंच करून उभी होती. मी पळत काठावर आले आणि वेसला दोन्ही हातांनी बोलावलं. तो आला, एका झटक्यात आत, गात नव्हता. आम्ही पप्पांना उचलून झाडाखाली आणलं. आत्याने वाळू हातांनी सारखी केली, ओली चादर घातली, मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजायला लागली.  मग पप्पांच्या चेहऱ्यावर रंग परतला, आत्याने डोळे मिटून श्वास सोडला, आणि पप्पा म्हणाले, "ताई, हा चमचा लहान आहे. पेला दे." आत्या हसली आणि रडली, दोन्ही एकाच वेळी. वेसने टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली आणि पुन्हा बेसूर गायला लागला.

आज माझे केस तेव्हाच्या आत्यापेक्षा पांढरे झालेत, आणि नद्यांचा गाळ हेच माझं काम आहे. किती काठ बघितले, मोजले, त्यांचे अहवाल लिहिले. ती जागा आता नाही. मी काही वर्षांपूर्वी पुन्हा गेले तेव्हा खडक अर्धा गाळात गेलेला होता आणि ओट्यावर टॅमरिस्क. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. वाळवंटातल्या नदीवर कुठलीच जागा कायमची नसते, म्हणून तर शोधत राहावं लागतं. पण कुठल्याही नदीवर गेले तरी मी आधी पक्षी कुठे चालतायत ते बघते. विद्यार्थी हसतात.

त्या दिवशी संध्याकाळी पप्पांनी थोडा नुसता भात खाल्ला, गोळे बाजूला काढून. कड्याचा वरचा भाग अजून उन्हात पेटलेला होता आणि खाली आम्ही निळ्या सावलीत. ते उशाला लाइफ जॅकेट घेऊन पडले होते. मला जवळ बोलावलं.

"तुला कसं कळलं, इथे जागा आहे म्हणून?"

मी सांगायला लागले, इंग्रजीत, भराभर: गीझ, पिल्लं, सावली, खडक.

"मराठीत सांग," ते म्हणाले. "हळू. मला समजून घ्यायचंय."

मग मी मराठीत सांगितलं. शब्द सापडत नव्हते तिथे हातांनी दाखवलं. ते मध्ये मध्ये प्रश्न विचारत होते, ऑफिसातला एखादा प्रोग्राम समजून घ्यावा तसे. पाणी मागे का वळतं? वारा मागून असता तर? आणि पिल्लं नसती तर?  नदीचा सर्रर्र आवाज इथपर्यंत ऐकू येत होता.

"हॉस्पिटलमध्ये तुला असं वाटेल का ग?"

"नाही, पप्पा."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलं नाही."

त्यांनी उशाचं जॅकेट सारखं केलं. "ताईला घरात सगळे म्हणायचे, मास्तरीण हो, शाळा घराजवळ आहे. मीसुद्धा म्हणायचो. तिनं कुणाचं ऐकलं नाही." मग म्हणाले, "तुझ्या मम्मीला मी सांगीन. तू नको बोलूस. तुझं मराठी ऐकून ती आधी रडेल, मग चिडेल."

सकाळी आम्ही तो ओटा मोजला. पप्पांना आत्याने उठायला मनाई केली होती, तरी ते झाडाखाली बसून टेपचं टोक धरून होते. आत्याने नकाशावर, जिथे इतके दिवस नुसत्या फुल्या पडत होत्या, तिथे एक गोल काढला, आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. नाव काय द्यायचं यावर वाद झाला. वेसला माझं नाव द्यायचं होतं, पण नदीवर माणसांची नावं देऊ नयेत असं आत्याचं मत. मी 'बदकांचा ओटा' असं देवनागरीत लिहिलं; त्याच्या खाली आत्याने इंग्रजीत भाषांतर केलं, तिच्या ऑफिसातल्या लोकांसाठी.

मग सामान बांधायला घेतलं. शेवटचा टप्पा राहिला होता, उथळ पाणी, वाळूचे उंचवटे, आणि पुढे गाडी उभी असलेला धक्का. वेस पप्पांची बॅग उचलून आपल्या राफ्टकडे निघाला. पप्पा अनवाणी चालत त्याच्या मागे गेले, त्याच्या हातातून बॅग घेतली, माझ्या बोटीत आणून ठेवली आणि स्वतःच दोराने बांधायला लागले. गाठ चुकीची होती. मी वाकून ती सोडली आणि पुन्हा बांधली. ते बाजूला बसून बघत होते.

"नीट बसली?"

"हो."

"मग चल," पप्पा म्हणाले, आणि पुढे तोंड करून बसले.